उणे ऐंशीवरची चौदा वर्षे

मित्रांनो, मी एक जुना फ्रीजर आहे. तुमच्या घरातल्या फ्रीजचा मी लांबचा नातेवाईक, पण माझ्या पोटात कधी दूध, भाजी किंवा आइसक्रीम गेले नाही. एका मोठ्या सरकारी विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागात, तळमजल्यावरच्या बोळात मी उभा असे. माझ्या आत शून्याच्याही खाली ऐंशी अंश थंडी होती. उघड्या हाताने खण धरला तर कातडी चिकटून बसावी, इतकी.

मी कारखान्यातून आलो तेव्हा दारातून मावेना. सुताराला बोलावून चौकट काढावी लागली. चार हमालांनी मला आडवे करायला घेतले, तोच एक बाई धावत आल्या.

"आडवा नका करू हो त्याला! उभाच न्या!"

त्या आमच्या बाई. विद्यापीठात शिकवायच्या आणि संशोधन करायच्या. त्यांच्यामागे प्रयोगशाळेचे तात्या हातात फडके घेऊन उभे होते. त्यांनी मला आधी पुसले आणि मग माझी तार जोडली.

शहराच्या कडेला रंगाचा एक कारखाना होता. त्याचे सांडपाणी जिथे मुरत होते, त्या वस्तीतली दोनशे बारा मुले बाईंनी निवडली होती. सगळी चार-चार वर्षांची. दरवर्षी बाई आणि तात्या तिथे जात, प्रत्येक मुलाचे चमचाभर रक्त घेत आणि ते साकळल्यावर वर उरणारे पिवळसर पाणी छोट्या नळ्यांत भरून माझ्याकडे आणत. एका वर्षाचा एक खण.

मेंदूला आणि मज्जातंतूंना हळूहळू इजा होत असेल, तर रक्तात काही नाजूक घटक अगदी कणभर उतरतात. ते मोजणारे यंत्र तेव्हा निघालेच नव्हते.

"निघेल," बाई म्हणायच्या. "तोवर हे सांभाळायचं. गोठलेलं राहिलं तर टिकेल. एकदा वितळलं की संपलं."

मी सांभाळले. पहिली काही वर्षे माझे फार कौतुक झाले. पाहुणे आले की त्यांना आधी माझ्याकडे आणत. विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेवर माझा फोटो छापला गेला. तात्या आठवड्यातून एकदा माझ्या दारावरचा बर्फ लाकडी पट्टीने खरवडत आणि म्हणत, "गुणाचा आहेस बाबा."

मग दिवस पालटले. विद्यापीठांची क्रमवारी लागू लागली. कोणत्या विभागाने किती शोधनिबंध छापले, जगातल्या किती अभ्यासकांनी त्यांचा आधार घेतला, याचे तक्ते भिंतीवर झळकू लागले. बाईंच्या नावापुढे दरवर्षी शून्य. मोजणारे यंत्रच नाही, तर छापणार काय?

माझ्या दाराचे रबर फाटले होते. थंडी गळत होती आणि माझी मोटर रात्रंदिवस धापा टाकत होती. दुरुस्तीसाठी बाईंनी सात पत्रे लिहिली. शेवटी विभागप्रमुख सर स्वतःच बोळात आले.

"बाई, मी पैसे मंजूर करणाऱ्या समितीसमोर काय सांगू? या फ्रीजरमधून किती पेपर निघाले, असं विचारतात."

"एकही नाही. पण निघेल ना सर! ते यंत्र आता आपल्याच विद्यापीठात आलंय. दोन महिन्यांनी आमचा नंबर आहे."

"मग दोन महिने चालवा कसंबसं. माझ्या हातात काही नाही, खरंच."

ते खोटे बोलत नव्हते. त्यांनी माझ्या दारावर हात ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला आणि निघून गेले.

मित्रांनो, ते दोन महिने मी कसे काढले, माझे मलाच ठाऊक. रोज वाटे, आज थांबलो तर? तशात एक मोठी समिती तपासणीला येणार म्हणून बोळाला रंग दिला गेला. माझ्या दारावर तात्यांनी एक कागद चिकटवला होता: 'आवाज आल्यास ताबडतोब फोन करा', आणि खाली नंबर. रंगाऱ्याने तो खरवडून टाकला.

आमचा नंबर नऊ दिवसांवर आला होता. शनिवारी भर दुपारी माझी मोटर एकदा गचकली आणि बंद पडली.

माझी धोक्याची घंटा लगेच वाजू लागली. सुट्टीमुळे इमारत रिकामी होती. फक्त समोरच्या खोलीत एक कारकून विद्यापीठाच्या संशोधनाचा अहवाल तयार करत बसला होता. सोमवारी तो द्यायचा होता. तास दीड तास त्याने कळ काढली, मग तो कपाळ धरून बाहेर आला.

"केव्हाचं केकाटतंय! डोकं उठलं माझं!"

त्याने माझ्या अंगावर नंबर शोधला, हेही सांगायला हवे. वरून खाली पाहिले, मागेही वाकून पाहिले. काहीच मिळाले नाही, तेव्हा त्याने घंटेचे बटण दाबले. मी मुका झालो.

उणे सत्तर. उणे पंचावन्न. उणे चाळीस. माझ्या अंगावर आकडे चढत होते आणि मला ओरडता येत नव्हते. फाटक्या रबरातून दुपारची ऊब आत शिरत होती. मुलांनी रडत, आईचा पदर धरून दिलेले ते थेंब, आणि मी त्यांच्यासाठी काहीही करू शकत नव्हतो.

रविवारी सकाळी तात्या कुंड्यांना पाणी घालायला आले. त्यांना जमिनीवर माझ्या दारावरच्या बर्फाचे पाणी दिसले. माझ्यावरचा आकडा होता उणे अकरा. आतल्या नळ्या जेमतेम गोठलेल्या होत्या.

"बाई, लवकर या," ते फोनवर म्हणाले.

बाई आल्या त्या विस्कटलेल्या केसांनी. ड्राय आइस, म्हणजे माझ्याइतकाच थंड कोरडा बर्फ, विकणारे दुकान सोमवारशिवाय उघडणार नव्हते. विभागातले दोन फ्रीजर कुलूपबंद, मालक परगावी. तिसऱ्याने फोनवर सांगितले, "जागा नाही हो, माझाच पेपर अडकलाय." चौथा फ्रीजर माशांवर काम करणाऱ्या सरांचा. ते घरच्या चपलांवर धावत आले. त्यांनी एकदा बाईंकडे पाहिले आणि आपल्या फ्रीजरमधले खण उपसून टाकायला सुरुवात केली.

"अहो, हे तुमचं दोन वर्षांचं काम आहे!" बाई ओरडल्या.

"मासे परत मिळतील. बोला लवकर, सहा खण बसतील. कोणते?"

चौदा वर्षांच्या चौदा खणांतले सहा. बाई माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. खणांवरची वर्षे त्यांनी एकेक करून वाचली.

"पहिले सहा," त्या शेवटी म्हणाल्या. "चार वर्षांचं पोर आता कुठून आणू मी?"

सहा खण गेले. उरलेले आठ तात्यांनी उपाहारगृहाच्या बर्फाच्या पेटीत कोंबून पाहिले. उपयोग झाला नाही, ते वितळले. पुढे यंत्रावर त्यांतले काहीच नीट मोजता आले नाही. त्या दिवशी तात्या रिकाम्या खणात तोंड घालून लहान मुलासारखे रडले.

सहा वर्षांवर शोधनिबंध झाला. मोठ्या नियतकालिकाने तो परत पाठवला. पुढची आठ वर्षे कुठे आहेत, असे त्यांनी विचारले होते. एका लहान नियतकालिकाने छापला. भिंतीवरच्या तक्त्यात बाईंपुढे 'एक' आला.

मला भंगारात काढायचे ठरले. दार काढून मला बोळात ठेवले होते, तेव्हा त्या वस्तीतली एक तरुण मुलगी बाईंना शोधत आली. लहानपणापासून तीही दरवर्षी रक्त देत आली होती. सातवीत शाळा सोडली, आता खोकी बांधायच्या कामाला जाते, म्हणाली.

"माझं काही निघालं का त्यात?"

बाईंनी तिला स्टुलावर बसवले. "तुझी सहा वर्षं वाचली. तू पाच वर्षांची होतीस तेव्हापासून तुझ्या रक्तात मेंदूच्या इजेच्या खुणा आहेत. दरवर्षी वाढत गेलेल्या. पुढचं... पुढचं मला नाही सांगता येणार. माझ्याकडून गेलं ते. माफ कर मला."

मुलीने माझ्या उघड्या पोटात वाकून पाहिले.

"म्हणजे मी मुळात मठ्ठ नव्हते?"

"नाही गं बाळा."

"मला हे कागदावर लिहून द्याल? आईला दाखवायचंय. तिनं मला अभ्यासावरून फार मारलंय."

बाईंनी लिहून दिले. अक्षर वाकडे आले, म्हणून फाडले आणि पुन्हा लिहिले.

मित्रांनो, उद्या भंगाराची गाडी येईल. माझी एवढीच विनवणी आहे. कुठे एखादे यंत्र ओरडत असेल, तर त्याचे तोंड बंद करून निघून जाऊ नका. कोणाला तरी हाक मारा. दार वाजवा. आणि एखादे माणूस वर्षानुवर्षे काहीतरी जपत बसले असेल आणि त्याच्या नावापुढे शून्य दिसत असेल, तर त्याला विचारा, तुम्ही काय जपताय. माझ्या आठ खणांबद्दल असे कोणीच विचारले नाही. त्यांतल्या दोनशे बारा मुलांना आता काय सांगायचे, हे बाईंनाही माहीत नाही आणि मलाही नाही.