विहारासमोरचा डोंगा

मित्रांनो, मी कारध्याचा एक जुना डोंगा आहे. स्वभावाने जरा तिरसट, पण खोटे बोलत नाही. इथल्या हिरालाल नावाड्याने मला सागाच्या फळ्यांतून घडवले, फटींत कापूस ठासला, वरून डांबर लावले आणि वैनगंगेत सोडले.

मागच्या मोठ्या पुरात मी दिवसभर खेपा करून सारी वस्ती पलीकडे नेली. मग काय विचारता! वस्तीने मला विहारासमोर टिनाच्या शेडमध्ये ठेवले, निळा रंग दिला, दर पौर्णिमेला हार घातला. एकटा हिरालाल चिडला. "नदी पार झाली का डोंगा सोडून पुढं जाचं, हे बुद्धानं सांगतलं. तुमी तं त्याले पुजून राहिले." कोणी ऐकले नाही. सांगायला लाज वाटते, पण मलाही ते फार आवडत होते.

चार उन्हाळ्यांत माझ्या फळ्या सुकून आक्रसल्या. वरून रंग चकचकीत आणि खालून फटींतून उजेड दिसायचा.

यंदा भाद्रपदात पुन्हा पूर आला. पुलाकडचा रस्ता बुडाला आणि त्याच सकाळी हिरालालची सून दीपमाला हिला कळा सुरू झाल्या. बाळ आडवे होते. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेल्याशिवाय दोघेही वाचणार नव्हते. सरकारी बोट दुसऱ्या गावी गुंतली होती.

तिचा नवरा अतुल आणि शेजाऱ्यांनी मला उचलले. हिरालालने फटीत बोट घातले, ते आरपार गेले. फळ्या फुगायला मला दोन दिवस पाण्यात ठेवावे लागते. दोन दिवस होते कोणाकडे? तेव्हा दीपमालाच म्हणाली, "माही वंदनेची पांढरी साडी फाडा." मग घराघरांतून विहारात वंदनेला नेसायच्या पांढऱ्या साड्या आल्या. त्यांच्या चिंध्या माझ्या फटींत ठासल्या.

मधल्या धारेत पाणी आत आले. अतुल घमेल्याने उपसत होता, तरी ते दीपमालाच्या पाठीला लागले. मी घाबरलो, अगदी घाबरलो. हिरालाल वल्हवता वल्हवता म्हणाला, "दुखनं येते, जाते, बाई. आलं तं येऊ दे, गेलं तं जाऊ दे."

"तुमाले सांगाले काय जाते, मामाजी?" ती दात आवळून म्हणाली.

हिरालालने वल्हे आणखी जोरात ओढले. "खरं हाये. मले बी भेव लागून राहिलं. पण वल्हवून राहिलो नं."

ती डोळे मिटून एकेक श्वास मोजू लागली.

आणि मित्रांनो, ज्या पाण्याने मी बुडणार होतो, त्याच पाण्याने त्या चिंध्या फुगत होत्या, माझ्या सुकलेल्या फळ्या एकमेकींना भिडत होत्या. फार दुखले. पण आत येणारे पाणी कमी झाले.

काठ लागला. दीपमालाला उचलून गाडीत घातले. माझ्याकडे कोणी वळूनही पाहिले नाही. आधी राग आला. मग वाटले, बरोबरच आहे, तिला पुढे जायचे होते.

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. पूर ओसरल्यावर लोक मला शेडमध्ये न्यायला दोर घेऊन आले. हिरालाल माझ्यात येऊन बसला, तो उठेचना. शेवटी त्याच दोराने त्यांनी मला घाटाला, पाण्यातच बांधले.

तेव्हा एवढेच मागतो. तुमच्याकडे कोणी जुने, उपकाराचे असेल, तर त्याला सावलीत ठेवून सुकवू नका. कामाला लावा. थोडे पाणी आत आले तर येऊ द्या.