अजूनबाईंचे झाड

"आई, ह्या झाडाला युरिया कोणी घातला?"

सून शिडीवर उभी होती, हातात छाटणीची कात्री. खाली शिडी धरून उभ्या असलेल्या सासूबाईंनी चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही.

"मला काय विचारतेस? बाग तू बघतेस."

सुनेने एक फांदी वाकवून दाखवली. बागेतल्या बाकीच्या सफरचंदाच्या झाडांची नवी फूट बेताची होती. ह्या एकाच झाडाची तेवढी लांब, लुसलुशीत, गडद हिरवी. आणि तिचे शेंडे जळल्यासारखे काळे पडून आकड्यासारखे खाली वळलेले. करपा होता तो. काळ्या भागाच्या बऱ्याच खाली, निरोगी लाकडात तिने काप घेतला, कात्री स्पिरिटमध्ये बुडवली आणि पुढची फांदी धरली.

सासूबाईंचा जन्म एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेला होता. वाढताना त्या कधी विचारत नसत. 'अजून एक घे' असे म्हणेपर्यंत ते ताटात पडलेलेही असे. मुलांनी त्यांचे नाव अजूनबाई ठेवले आणि ते इतके चिकटले की मुख्याध्यापकही चुकून तेच म्हणत. घरीही तीच तऱ्हा. सून ताटावर हात आडवा धरी आणि भाजीचा डाव तिच्या बोटांच्या फटीतून वाट काढी.

बाग सासऱ्यांची. दारापुढचे हे झाड त्यांनी लग्नाच्या वर्षी स्वतः कलम बांधून लावलेले. हिवाळ्यात ते गेले आणि बाग सुनेच्या अंगावर आली. फुलांच्या दिवसांत ह्याच झाडावर करपा दिसला, तेव्हाच तिने घरात बजावले होते: यंदा ह्याला खत नाही. फूट थोडीच येऊ दे, येईल ती निबर होऊ दे. ह्या रोगाला कोवळे लागते. नवऱ्याने मान डोलावली. आई आणि बायको ह्यांच्या मध्ये न बोलण्याची कला त्याने फार लवकर साधली होती.

सून खाली उतरली. आळ्यातली माती तिने बोटाने उकरली. ताज्या खेपेचे पांढरे दाणे अजून पुरते विरघळले नव्हते. पलीकडे गवतात स्वयंपाकघरातली वाटी पडलेली होती.

"ही काय चालत आली इथपर्यंत?"

"मी घातला," सासूबाई म्हणाल्या. "झाड आजारी आहे. आजारी जिवाला कुणी उपाशी ठेवतं का?"

"अहो आई, ह्यानं त्याला ताकद नाही येत. नुसती कोवळी फूट सुटते, आणि करपा तिच्यातूनच आत शिरतो. तुम्ही घालताय ते रोगाच्या तोंडात पडतंय."

"तुझं नेहमीचंच. ह्यांनाही तू देऊ दिलं नाहीस."

सुनेला तो शेवटचा दिवस आठवला. इस्पितळात सासरे दूध मागत होते. त्यांना गिळता येत नव्हते, डॉक्टरांनी तोंडाने काहीही द्यायला मनाई केली होती. सासूबाई घरून दूध गरम करून घेऊन आल्या आणि सुनेने त्यांच्या हातातून पेला काढून घेतला. त्याच संध्याकाळी ते गेले. माणूस उपाशी गेला, असे सासूबाईंच्या मनाने घेतले होते. इतक्या महिन्यांत त्यांनी त्याबद्दल हूं की चूं केले नव्हते.

"दूध छातीत गेलं असतं, आई."

"ठाऊक आहे गं मला." त्यांचा आवाज चढला नाही. "पण मागत होते ना ते."

"मलाही ऐकू येत होतं," सून म्हणाली. तिला रडू येत होते. ती पुन्हा शिडी चढली आणि कापत राहिली.

युरिया बंद झाला, पण उशीर झाला होता. करपा मोठ्या फांदीतून खोडात उतरला. मागच्या झाडांच्या ओळी वाचवायच्या तर झाड ठेवून चालणार नव्हते. हे सासूबाईंना कसे सांगावे, ह्या विचारात सुनेने आठवडा घालवला. शेवटी एका सकाळी त्यांनी स्वतःच खोडावर हात फिरवला. सालीतून चिकट थेंब पाझरत होते. त्यांनी बोटे पदराला पुसली.

"पाडा," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "ह्याचं कलम नाही का ठेवता येणार?"

"नाही, आई. रोगही बरोबर येईल."

सुनेच्या नवऱ्याने करवत चालवली. सासूबाई शेवटपर्यंत तिथेच उभ्या होत्या. जाळायच्या फांद्या त्यांनीच गोळा केल्या, एक काटकीही मागे राहू दिली नाही.

जेवायला बसल्यावर सुनेने सवयीने ताटावर हात आडवा धरला. डाव आला नाही. तिने वर पाहिले. सासूबाई भरलेला डाव पातेल्यावर तसाच धरून उभ्या होत्या.

"वाढू का?" त्यांनी विचारले.

सुनेने हात बाजूला घेतला. "थोडंसं वाढा."

सासूबाईंनी अर्धा डाव पातेल्यात परत ओतला आणि उरलेला तिच्या ताटात वाढला.