निघताना म्हणायचा शब्द

आष्टीच्या कारभारीअप्पांचा एक हट्ट साऱ्या गल्लीला ठाऊक होता. घरातून निघणाऱ्याने 'येतो' म्हणायचं आणि मागे राहणाऱ्याने 'ये' म्हणून त्याला वाट द्यायची. कुणाच्या तोंडून चुकून 'जातो' निघालं, की अप्पा त्याला परत बोलावत, ओट्यावर बसवून पाणी पाजत आणि पुन्हा नीट निघायला लावत. पाव्हण्यारावळ्यांनाही यातून सुटका नव्हती.

त्यांची लेक मीना संभाजीनगरला एका शाळेत इंग्रजी शिकवायची. दिवाळीची सुट्टी संपवून निघाली, तेव्हा ऑटो दाराशी ताटकळत होता. तिने हात हलवला आणि 'बाय अप्पा' म्हणाली. अप्पांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. ती हसली, बस चुकेल म्हणाली. अप्पांचं डोकं सणकलं. ते 'ये' म्हणालेच नाहीत, तोंड फिरवून उभे राहिले. पोरगी पुढच्या सुट्टीला येईलच, तेव्हा बघून घेऊ, असं त्यांच्या मनात. महिना भरायच्या आत डेंग्यूने मीना गेली.

तेव्हापासून अप्पांनी त्या 'बाय' शब्दाचा धसकाच घेतला. असलं अर्धंमुर्धं बोलून निघाल्यावर दुसरं काय होणार, असं ते बायकोला, उषाबाईंना, आणि येईल त्याला ऐकवत.

संक्रांत झाल्यावर शीतल आली. ती मीनासोबत एकाच खोलीवर राहायची, त्याच शाळेत शिकवायची. मीनाचे कपडे आणि चार भांडी तिने आणून दिली. चहा झाल्यावर अप्पांनी विषय काढलाच, की हे 'बाय' म्हणजे नेमकं काय. शीतलने सांगितलं, तो 'गुडबाय'चा तुकडा. आणि 'गुडबाय' तरी कुठं आख्खं आहे? जुन्या काळी इंग्रज निरोप घेताना पुरं वाक्य म्हणायचे, ते बोलून बोलून झिजत गेलं.

"काय वाक्य?"

"देव तुमच्यासोबत राहो."

अप्पांनी रिकामी कपबशी खाली ठेवली. पोरगी जाता जाता बापाजवळ देव ठेवून गेली होती, आणि बापाने तिला एक साधं अक्षर दिलं नव्हतं. इतके दिवस त्या शब्दावर फोडलेलं खापर आता त्यांच्याच डोक्यावर आलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शीतल उठली. मीनाने तिला घरची रीत सांगितलेली असणार, कारण ती उंबऱ्यात थांबून जपून 'येते काका' म्हणाली. आता ही या घरी कशाला येतेय, हे अप्पांना कळत होतं.

"तसं नको," अप्पा म्हणाले. "ती म्हणायची तसं म्हण."

शीतलने एकदा उषाबाईंकडे पाहिलं.

"बाय, अप्पा."

"ये माय," अप्पा म्हणाले. "जल्दी ये."

ऑटो वळणाआड गेला तरी ते दारातून हलले नाहीत. उषाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"आपली न्हाई येणार आता," त्या म्हणाल्या.

"म्हाईत हाय. माझं म्हणायचं राह्यल्तं."