मी जोडलेल्या दोन बहिणी

मित्रांनो, मी एक जुनी तार आहे. हातात धरून खेळायचे दोन व्हिडिओ गेम जोडणारी. दिसायला यथातथाच, पण एका दुपारी माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

कारखान्यात मला तपासणाऱ्या बाईंना एका नव्या मुलीने विचारले होते, "एकाच गेमच्या दोन कॅसेटी कशाला? गेममधले सगळे प्राणी एकीतच घाला की!"

"मग पोरं एकेकटी कोपऱ्यात बसतील," बाई म्हणाल्या. "काही प्राणी डोंगराच्या कॅसेटमध्ये, काही दर्याच्या. हवे असतील तर जा दुसऱ्याच्या दारात! शिवाय दोन्ही खपतात, ते वेगळंच."

मी दोन आते-मामेबहिणींकडे आले. ताईकडे डोंगर, धाकटीकडे दर्या. नियम कडक होता. माझ्यातून प्राणी फुकट जात नसे. बदल्यात तितकाच वाढलेला प्राणी द्यावा लागे. सुट्टीभर दोघींनी मला जमिनीवर टेकू दिले नाही. मग एकदा अदलाबदल अर्धवट असताना जेवायची हाक आली आणि धाकटीने घाईत मला उपटले. ताईचा लाडका प्राणी वाटेतच नाहीसा झाला. दोघींनी अबोला धरला. मी ताईच्या खणात, गंजक्या किल्ल्यांच्या शेजारी पडून राहिले.

पुढच्या सुट्टीत धाकटी धापा टाकत दारात आली. तिची कॅसेट मधूनच बंद पडत होती.

"दुरुस्तीवाल्या काकू म्हणाल्या, आतली बॅटरी संपत आलीय. बदलली की साठवलेला सगळा खेळ पुसला जाणार. माझा लाटू तेवढा तुझ्याकडे घे ना गं, ताई."

ताईने पडदा पाहिला. लाटूच्या तोडीचा प्राणी तिच्याकडे एकच होता, दगडोबा. तो धाकटीच्या कॅसेटमध्ये जाणार आणि तिथेच पुसला जाणार.

"म्हणजे माझा दुसराही घालवायचा?"

धाकटी मान खाली घालून उभी राहिली. "नको देऊस," ती पुटपुटली. "मी तरी दिला असता का, काय माहीत."

ताईने रागारागाने खण उघडला आणि मला बाहेर काढले. मला तर भीतीच वाटली! तिने माझे एक टोक आपल्या गेममध्ये खोचले, दुसरे धाकटीपुढे धरले.

"दोन्ही हातांनी धर. हललीस तर बघ."

दर्याचा पडदा अंधुक झाला. विझतोय की काय! ताईची आई स्वयंपाकघरातून ओरडली, "पोरींनो, चला!" कोणीही हलले नाही. लाटू माझ्यातून इकडे आला, दगडोबा तिकडे गेला. दोघे सुखरूप पोहोचले आणि त्याच क्षणी धाकटीचा पडदा काळा झाला.

धाकटी हमसून हमसून रडू लागली. "तुझा गेला ना गं."

"गेला," ताई म्हणाली. "आता बॅटरी बदल आणि पहिल्यापासून खेळ. तितकाच एक मोठा कर आणि लाटूला घेऊन जा. मी सांभाळते तोवर."

मित्रांनो, मला गाठी मारू नका, वाकडी पिळू नका. आणि कोणाचे काही माझ्यातून चालले असेल तेव्हा, हाक कोणाचीही येवो, हात काढू नका. धाकटी परत आली तेव्हा तिने लाटू मागितलाच नाही. ताईसाठी वाढवलेला प्राणी दाखवत ती म्हणाली, "आधी हा तुझ्याकडे पोचू दे."