दहापैकी तीन

शाइस्ता मुलाणी गेमवाल्यांचा चहा पीत नसे. घरी प्यायची, चांगला दोन-दोन कप. पण ज्यानं व्हिडिओ गेम बनवला त्याचा नाही, आणि जो विकायला निघाला त्याचा तर मुळीच नाही. चहा पाजला की माणूस गुण मागतो, असं तिचं म्हणणं. आणि खोटं नव्हतं ते. या धंद्यात चहावर भागत नाही, पुढं बरंच काही येतं.

'खरं सांगू का?' हे तिचं चॅनल. माणमधल्या भाड्याच्या दोन खोल्यांत, पडद्याआडच्या एका कोपऱ्यातून चालायचं. नवा गेम आला की ही बाई तो खेळणार, त्याची चिरफाड करणार आणि शेवटी दहापैकी गुण देणार. पोरं गेम घेण्याआधी तिचा व्हिडिओ बघत. शाइस्ताताईंनी पाच दिले म्हणजे पाच, साडेपाच नाहीत. दुधाचं दूध, पाण्याचं पाणी. या एका गोष्टीचा तिला गर्व होता, आणि का नसावा? घर त्याच्यावर चालत होतं.

तिची एक सवय होती. कुठलाही गेम लावला की आधी सेटिंगमध्ये जायचं आणि मोशन कंट्रोल बंद करायचा. काही गेमांत बटण दाबून भागत नाही, हातातला कंट्रोलर हलवावा, तिरका करावा लागतो, मग पडद्यावरची वस्तू तशी हलते. "हे हातवारे म्हणजे नुसती नाटकं," असं शाइस्ता म्हणायची. बंद करायची सोय असली तर बंद, आणि नसली तर सरळ दोन गुण कापायची. लोकांना तिचा हा फटकळपणा भारी आवडायचा. असं का, हे तिला कुणी कधी विचारलं नाही. तिनंही स्वतःला विचारलं नाही, हे जास्त वाईट.

आणि मग 'ज्योत' आला.

गेम बनवला होता सिद्धांत ओव्हाळ नावाच्या पोरानं. मूळचा ताम्हिणीचा, आता जांब्याला खोली घेऊन राहायचा. दिवसा आयटीतली नोकरी, उरल्या वेळात हा उद्योग. त्यात एक म्हातारी सुईण भर पावसात, हातात दिवा घेऊन, एका वाडीवरून दुसऱ्या वाडीवर अडलेल्या बाईकडं निघालेली. कंट्रोलर दिव्यासारखा उभा धरायचा. हात हलला की ज्योत हलते, जास्त हलला की विझते. सगळा गेम एवढाच. बटणावर खेळायची सोय नाही. सेटिंग उघडलं तर आत आवाज कमी-जास्त करण्यापलीकडं काही नाही.

शाइस्ताची ज्योत पहिला बांधसुद्धा ओलांडेना. पुन्हा पेटवावी, पुन्हा विझावी. तिनं दुसरा कंट्रोलर घेतला, तरी तेच. शेवटी ती इतकी चिडली की त्याच तिरमिरीत कॅमेऱ्यापुढं बसली. "रस्ता सुंदर, पावसाचा आवाज सुंदर," ती म्हणाली, "पण खरं सांगू का? ज्या खेळात साधा दिवा हातात ठरत नाही, तो खेळ विकायला काढायचा नसतो. दहापैकी तीन."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण त्या वेळी तिला ते अगदी खरं वाटलं होतं.

शनिवारी सकाळी सिद्धांत दारात उभा. पाठीला सॅक, डोळे झोप न झालेले. शाइस्ताची आई जोहराबी दार उघडायला गेली होती. तिनं रीतीप्रमाणं चहा विचारला. "नको मावशी," तो म्हणाला, "यांचा नियम म्हायती हाय मला. या आमचा पीत न्हाईत, मग मी यांचा कसा पिऊ?" मग शाइस्ताकडं वळून, "मॅडम, गुण वाढवा म्हणायला आलो न्हाई. फक्त दिवा पहिल्याच बांधाशी विझतो कसा तेवढं दाखवा. माझ्याकडं तिथं विझतच न्हाई. दुसऱ्या कुणाकडंच विझत न्हाई."

तिला राग आला, पण माणूस बोलत होता सरळ. तिनं आत बोलावलं. धाकटा भाऊ शहनवाज कंपनीची कॅब चालवायचा. तो नुकताच रात्रपाळी संपवून आला होता. सिद्धांतनं सॅकमधून आपला कंट्रोलर काढून आधी त्याच्याच हातात दिला. शहनवाजनं उभ्या जन्मात दिवा घेऊन कुठं चालून पाहिलं नसेल, पण म्हातारी बांध ओलांडून ओढ्यापर्यंत गेली. ज्योत हलली, वाकली, विझली नाही.

"आता तुमी, मॅडम."

शाइस्तानं तोच कंट्रोलर घेतला. ज्योत लगेच थरथरायला लागली, बारीक, भराभर. आणि बांधाशी विझली.

"आपा, घट्ट धर की," शहनवाज हसत म्हणाला. तिनं घट्ट धरला, तर थरथर आणखी वाढली.

कोपऱ्यातल्या खाटेवर तिचे वडील हाफीजभाई बसले होते. ते या टीव्हीकडं कधी ढुंकून बघत नसत. पण आता ते पुढं वाकून पडद्याकडं टक लावून बघत होते. "आण इकडं," ते म्हणाले.

हाफीजभाईंचं पौडच्या बाजारात शिलाईचं दुकान होतं. हात असा की, एकदा त्यांच्याकडं कपडा शिवलेलं गिऱ्हाईक दुसरीकडं जात नसे. मग हात कापायला लागला. आधी सुईत दोरा जाईना, मग काजं वाकडी व्हायला लागली. बाजारानं निकाल देऊन टाकला, मुलाणी प्यायला लागला. पाच वेळा नमाज पढणारा माणूस! थेंबाला शिवलेला नाही! डॉक्टरनं आजाराचं नाव सांगितलं, तेही त्यांनी लोकांना सांगून पाहिलं. ऐकून घेतलं सगळ्यांनी, आणि कापड शेजारच्या दुकानात टाकलं. शेवटी हाफीजभाईंनी दुकान बंद केलं, पौड सोडलं.

त्यांनी कंट्रोलर दोन्ही हातांत धरला. पडद्यावरची ज्योत थरथरायला लागली. बारीक, भराभर. बघणाऱ्याला सांगावं लागलं नसतं की ही थरथर आणि मघाची थरथर एकाच घरातली आहे.

जोहराबीनं पदर तोंडाला लावला. शाइस्तानं आपले हात ओढणीखाली घेतले, आणि घेतल्यावर तिला कळलं की आपण हे नेहमीच करतो. सांडलेला चहा, वाकडं आलेलं काजळ, बँकेत न जुळणारी सही, प्रत्येकाला ती घाई म्हणत आली होती. आणि हातवारे म्हणजे नाटकं! ती घाबरली, साधी सरळ घाबरली.

सगळ्यांत आधी हलला तो सिद्धांत. त्यानं कंट्रोलर घेतला, सॅकमध्ये टाकला आणि खाली बघत म्हणाला, "सेन्सरच बाद दिसतोय मॅडम. माझ्याकडचाच फॉल्ट हाय. बघतो मी." आणि चपला घालायला लागला.

त्याला कळलं होतं. कळूनच तो खोटं बोलत होता, तिची लाज राखायला. शाइस्ता त्याच्यामागं दाराबाहेर गेली.

"तीनमुळं तुमचं काय होणार आहे?" तिनं विचारलं.

त्याला सांगायचं नव्हतं. ती हटेना, तेव्हा बोलला. एक कंपनी त्याचा गेम जगभर काढायला तयार होती. अट एकच, मिळालेल्या गुणांची सरासरी सातच्या खाली नको. बाकीच्यांनी आठ-नऊ दिले होते, पण ते लहान चॅनलवाले. हिच्या गुणांचं वजन मोठं. "सोमवारी सांगणार हायेत," तो म्हणाला. "पण तुमी मनाला लावून घेऊ नका. तुमी खोटं कुटं बोलला? तुमच्या हातात विझला, तुमी विझला म्हणाला."

तो गेला. आता बोला! गप्प बसली असती तर कुणाला पत्ता लागला असता? ज्याचं नुकसान झालं त्यानंच दोष स्वतःच्या अंगावर घेतलेला. पण तिनं सांगितलं नाही, तर सोमवारी त्या पोराची सगळी मेहनत तिच्या हातामुळं बुडणार होती. आणि सांगितलं, तर जिचा हात कापतो तिच्या गुणांवर उद्या विश्वास कोण ठेवणार?

"मी उद्या व्हिडिओ करते," ती आत येऊन म्हणाली. "सगळं सांगते."

"काय बी सांगायचं न्हाई," हाफीजभाई म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मी सांगितलं व्हतं लोकांना. काय झालं? तुला म्हायती न्हाई व्हय? त्या पोरानं झाकलंय, तर झाकलेलं ऱ्हाऊ दे."

"आणि त्याचा गेम, अब्बा?"

"दुसरा बनवंल. तरणा हाय."

"तुम्हाला कुणी म्हणालं असतं, मुलाणी, दुसरं दुकान टाक, तरणा आहेस, तर?"

हे बोलायला नको होतं. जोहराबीनं तिच्याकडं असं बघितलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुझं अजून लगीन व्हायचंय, पोरी," आई एवढंच म्हणाली. हाफीजभाई भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

रविवारी तिनं व्हिडिओ केला. कॅमेरा आधी तोंडावर नव्हता, हातावर होता. कंट्रोलर धरलेला हात, आणि मागं पडद्यावर थरथरणारी ज्योत. ज्योत विझेपर्यंत ती काही बोलली नाही.

"खरं सांगू का?" मग ती म्हणाली. "खोट गेममध्ये नाही. हा माझा हात आहे. माझ्या अब्बांचाही असाच आहे. मला माहीत नव्हतं म्हणू की माहीत करून घ्यायचं नव्हतं, तुम्हीच ठरवा. गेम बनवणारा काल माझ्या घरी आला होता, त्यानं एक गुणही मागितला नाही. आजवर मोशन कंट्रोलपायी ज्या ज्या गेमचे मी दोन गुण कापले, ते सगळे मी पुन्हा बघणार आहे, माझ्या भावाच्या हातात देऊन. 'ज्योत'चे तीन गुण मी मागं घेते. आठ देते. नऊ दिले असते, पण एक कापते, आणि तो रागानं नाही. माझ्यासारख्या हाताला या खेळात शिरायला वाटच ठेवलेली नाही. बटणाची सोय हवी होती. ती नसणं हा दोष आहे, आणि तो खराखुरा दोष आहे."

तासाभरात प्रतिक्रियांचा पाऊस. काही पोरांनी चांगलं लिहिलं, कुणी आपल्या आजीच्या हाताबद्दल लिहिलं. पण जग काय बदललेलं नाही. 'ताई, सकाळी सकाळीच घेतली का?' हे एकानं लिहिलं आणि त्यावर हसणाऱ्यांची रांग लागली. 'बनवणारा घरी येऊन गेला आणि तीनचे आठ झाले. पाकीट केवढं होतं?' हे दुसऱ्यानं. तिनं एकही प्रतिक्रिया पुसली नाही. पुसायचा अधिकार आपल्याला नाही, असं तिला वाटलं. आपणही त्या गेमबद्दल न विचारता असंच बोललो होतो. शहनवाजनं त्या पहिल्या माणसाला शिव्या लिहायला घेतल्या, तर तिनं त्याच्या हातातला फोन काढून घेतला. हाफीजभाईंनी मात्र दोन्ही प्रतिक्रिया शहनवाजकडून मोठ्यानं वाचून घेतल्या.

सोमवारी दुपारी सिद्धांतचा फोन आला. शाइस्ता पोळ्या लाटत होती, हात पिठाचे, म्हणून तिनं स्पीकर लावला.

"न्हाई म्हणाले," तो म्हणाला.

"पण आठ केले ना मी!"

"तेच तर. म्हणतात, बनवणारा घरी गेला आणि गुण बदलले, असला रिव्ह्यू आमी धरत न्हाई. आणि लोकांत बोभाटा झालेला गेम आमाला नको."

शाइस्ता खाली बसली. तिला वाटलं होतं, खरं बोललं की निदान त्याचं तरी भलं होईल. तिचं नाव गेलं आणि त्याचंही काही राहिलं नाही. ती रडायला लागली, आणि रडणं लपवलं नाही. "मी वाटोळं केलं तुमचं, सिद्धांत."

मग तो म्हणाला, "ताई, एक बोलू? तो कापलेला एक गुण मला लई लागला. आधी राग आला. मग म्हटलं, बरोबर हाय. माझी आई केशरबाई सुईण, तिच्यावरून मी ती म्हातारी केली. आता तिचाच हात कापतो, वय झालं. तिनं गेम हातात घेतला न्हाई, मला वाटलं तिला कळत न्हाई. आपल्याच गेममधी तिला जागा न्हाई, हे माझ्या डोक्यात आलंच न्हाई."

"मग बटणाची सोय करा."

"करतो. पण बटणावर तो दिवा ऱ्हात न्हाई वो, नुसतं चालणं ऱ्हातं. मला असं करायचंय, की कापणाऱ्या हातातबी ज्योत टिकावी. गेमनं थरथर ओळखायची आणि सोडून द्यायची, बाकीचा हात धरायचा. कालपासून स्वतःचा हात हलवून बघतोय, पण सोंग ते सोंग, जमत न्हाई. खरा हात लागतो. तुमी याल का जांब्याला? कंट्रोलर धरून बसायचं, मी ते साठवून घेणार. तुमचं नाव कुटं येणार न्हाई."

"नाव आलं तरी चालेल," शाइस्ता म्हणाली. "आता काय राहिलंय झाकायचं? येते मी."

तिनं फोन ठेवला, हात धुतले, तोंडावर पाणी मारलं. ओढणी घेऊन निघणार, तेवढ्यात खाट वाजली. हाफीजभाई उठून बसले होते. शनिवारपासून ते तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

"जोहरा, माझा बाहेरचा सदरा काढ."

"कुटं निघाला?" जोहराबीला कळेना. पौड सोडल्यापासून हा माणूस कुणाच्या उंबऱ्यावर गेला नव्हता. मशिदीतसुद्धा मागच्या रांगेत बसायचा आणि सगळ्यांच्या आधी घरी यायचा.

"जांब्याला," ते म्हणाले. मग शाइस्ताकडं बघून, "तुझा हात अजून नवा हाय. तेवढ्यानं काय कळणार त्याला? माझा बघू दे. माझा लई जुना हाय."

जोहराबीनं पेटीतून सदरा काढला, झटकला आणि त्यांच्या अंगात घातला. बटणं लावायला ती पुढं झाली तशी ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे, मी लावतो." एकेक बटण काजापाशी जायचं, हुकायचं, पुन्हा जायचं. शाइस्ता दारात उभी राहून बघत होती. तिला घाई नव्हती.