गोबरगॅसची टाकी आणि शेजारचं शेण

मित्रांनो, थोडा वास येईल, पण जरा जवळ या. मी एक जुनी गोबरगॅसची टाकी आहे. तुमच्यापासून फार दूर, आल्गॉय नावाच्या थंड मुलखातल्या डोंगरउतारावर, कोर्बिनियान नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यामागे, डोक्यावर हिरवी रबरी टोपी घालून मी बसलेली असते. उंचीपेक्षा घेर जास्त आहे, हे मीच सांगून टाकते.

मला बांधलं तेव्हा माझे काय लाड झाले! सरकारनं कायदा केला होता, की शेतकऱ्यानं गॅसवर वीज केली तर ती वीस वर्षं ठरलेल्या दरानं घेतली जाईल. मक्यासारखं पीक घालून केली, तर वर जादा भाव. मग काय विचारता! कोर्बिनियाननं मला मकाच मका चारला. मी खायची, आतली ढवळणी गरगर फिरायची, टोपी टम्म फुगायची. माझ्या गॅसवर शेजारचं इंजिन चालायचं, वीज तारेवर जायची आणि इंजिनाची ऊब रस्त्याखालच्या नळांतून थेट गावच्या बालवाडीत. तिथल्या बाई मुलांना मला दाखवायला आणत, तेव्हा मी उगीचच आणखी फुगायची.

पण एवढा मका येणार कुठून? शेजारच्या वाल्बुर्गाबाई ज्या कुरणावर पिढ्यान्‌पिढ्या गाई चारत, ते भाड्याचं होतं. कोर्बिनियाननं मालकाला जास्त भाडं देऊ केलं आणि कुरण नांगरून तिथे मका लावला. भलं झालं ते रानडुकरांचं. बाईंनी मात्र त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं. चर्चमध्येसुद्धा त्याच्याकडे पाठ होईल अशाच बाकावर त्या बसत. मला वाईट वाटायचं, पण टाकीचं कोण ऐकतं?

बघता बघता वीस वर्षं सरली आणि ठरलेला दर संपला. नवी योजना होती, पण तिचा नियम निराळा. पोटात बहुतेक शेणच हवं, मका चवीपुरता. कोर्बिनियानच्या गोठ्यात तर मोजक्या म्हाताऱ्या गाई उरल्या होत्या. त्यांचं शेण माझ्या दाढेलाही पुरेना. एक माणूस मला पाडण्यासाठी मापं घेऊन गेला. पुढच्या हिवाळ्यात मुलांना ऊब कुठून द्यायची, असं बालवाडीच्या बाई विचारू लागल्या.

शेण होतं, भरपूर होतं, पण वाल्बुर्गाबाईंच्या गोठ्यात. आणि आमच्याकडे शेण कुणी सहजासहजी देत नाही. पूर्वी तर दारापुढचा उकिरडा केवढा, यावरून घरची श्रीमंती जोखायचे आणि मुलगी द्यायची की नाही ते ठरवायचे. शेण दाराबाहेर गेलं की बरकत गेली, असं बाई अजूनही मानतात.

कोर्बिनियानची मुलगी आफ्रा त्याला रोज टोचायची. बाबा, नुसते नियम वाचून शेण मिळत नसतं, जाऊन मागावं लागतं. शेवटी एका रविवारी तो चर्चचा कोट अंगात असतानाच बाईंच्या कुंपणाशी गेला. कुंपण माझ्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"वाल्बुर्गाबाई, शेण हवंय," तो म्हणाला.

"कुरण गिळलंस ते पुरलं नाही वाटतं? आता शेणही?"

तो बुटांकडे बघत म्हणाला, "कुरण परत घ्या. मालकाशी बोललोय मी. मका आता नकोच आहे मला. आणि तेव्हाही तुमच्या गाईंच्या तोंडचा घास काढायला नको होता."

बाईंनी एकदा कुरणाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "शेण देते. पण या टाकीचं खाऊन झालं की उरलेलं माझ्या कुरणावर परत यायला हवं. थेंब न्‌ थेंब."

अहो, तेच तर माझं काम! मी शेणातला गॅस तेवढा घेते. खताचा कस तसाच राहतो, वर वासही कमी होतो.

पहिला टँकर बाई स्वतः घेऊन आल्या. माझ्या काचेच्या खिडकीतून त्यांनी आतले बुडबुडे निरखले आणि काचेवर थोपटून म्हणाल्या, "खा गं बाई, घरचंच आहे." मला इतकं भरून आलं म्हणून सांगू! मका मी ढिगांनी खाल्ला, पण असा आग्रह कुणी केला नव्हता.

मला पाडायचं आता कुणी नाव काढत नाही, बालवाडीतही ऊब पोचते. कुरणावर पुन्हा गवत धरलंय. मित्रांनो, सरकारचे नियम बदलतच राहणार, त्यापुढे माझं काय चालणार? तुम्ही मात्र शेजाऱ्याशी अबोला असेल तर आजच सोडा. कधी कुणाच्या दारी शेण मागायला जावं लागेल, सांगता येत नाही.