गाठीजवळचा शब्द

मित्रांनो, मी एक जुना फळा. सातपूरच्या एका कारखान्यात नवी यंत्रं आली, त्यांच्या लाकडी खोक्यांच्या फळ्या जोडून सावळीराम सुताराने मला घडवलं. त्याने रंधा मारला, जुन्या सेलमधली काळी भुकटी सरसात कालवून अंगाला फासली. खाली उजव्या कोपऱ्यात लाकडाची एक गाठ होती. तिला रंग धरेना, ती तांबूसच राहिली. १९७९ साली मला कामगार वस्तीतल्या समाजमंदिरात टांगलं. तिथे दुपारी बायकांचा साक्षरतेचा वर्ग भरायचा.

शिकवायला वत्सलाबाई होत्या. त्यांचं अक्षर इतकं सुंदर, की पुसवत नसे. एकदा धडा लिहिला की तो महिना महिना माझ्यावर राही. त्या छडी फिरवत आणि अकरा बायका एका सुरात म्हणत. सगळ्यांत पुढे ठमाबाई. पन्नाशीची, पेठच्या डोंगरातून मुलाबरोबर शहरात आलेली. "विहीर, विळा, विष," असं ती न अडखळता वाचायची आणि शेवटच्या शब्दाला बाईंनी तिच्या हातात दिलेली छडी बरोबर खालच्या कोपऱ्यात येऊन थांबायची. तपासणीचे साहेब आले, ऐकून खूश झाले. "असा वर्ग पाहिला नाही," म्हणाले. मीही फुगलो. वाटलं, हे सगळं माझ्यामुळे.

दिवाळीनंतर ठमाबाई आठ दिवस आली नाही. नवव्या दिवशी आली ती उंबऱ्यातच बसली.

"बाई, मी माझ्या भागीला विष पाजलं."

सगळ्या बायका उठून तिच्याभोवती आल्या.

भागी तिची नात, तीन वर्षांची. तिला खोकला झाला होता. ठमाबाईच्या मुलाने, यादवने, ढेकणांचं औषध खोकल्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलं होतं. वर कागद चिकटवून मोठ्या अक्षरांत 'विष' लिहिलं होतं. पूर्वी तो असलं काही वर आढ्याला बांधून ठेवायचा. पण आई आता वाचते, म्हणून बाटली खाली फळीवरच ठेवली होती. ठमाबाईला ते खोकल्याचंच औषध वाटलं आणि एक चमचा भागीच्या पोटात गेला. सरकारी दवाखान्यात पोर दोन दिवस निपचित होती. नशीब, वाचली.

"अहो ठमाबाई, पण हा शब्द तर तुम्ही रोज वाचता!" बाई म्हणाल्या.

त्या उठल्या. त्यांनी मला पुसलं आणि तेच तीन शब्द पुन्हा लिहिले. या वेळी 'विष' सगळ्यांत वर लिहिलं आणि कोपरा मोकळा ठेवला.

"वाचा."

ठमाबाईने छडी घेतली. "विहीर, विळा..." आणि छडी सरळ माझ्या गाठीजवळ गेली. तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं.

"विष," ती म्हणाली.

मित्रांनो, माझ्या अंगाला जणू करवत लागली. इतके दिवस ती शब्द वाचत नव्हती. ती माझी गाठ ओळखत होती! बाईंनी एकेकीला उठवलं. अकराही जणींचं तेच. त्यांना चाल पाठ होती आणि जागा पाठ होती. अक्षर एकीलाही येत नव्हतं.

बाईंनी छडी खाली ठेवली. "मग मी इतके महिने शिकवलं काय?"

त्यांनी मला पुसून कोरं केलं. मग बाईंनीच विचारलं, "ठमाबाई, तुम्हाला रानातला सगळा पाला ओळखता येतो. तो कुणी शिकवला?"

"आईनं. ती पाला दाखवायची न् पदराखाली झाकायची. म्हणायची, आता सांग कसा होता. मग चार दिसांनी दुसऱ्या रानात नेऊन इचारायची. एकाच झाडाखाली शिकलं तर जागा पाठ होती, पाला नाय."

बाईंनी शिक्षिकेची परीक्षा दिली होती, पण हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून बाई तीन शब्द लिहीत, दाखवत आणि माझ्यावर पोतं टाकत. बायकांनी ते आठवून जमिनीवर खडूने लिहायचे. मग पोतं काढून आपलं आपण ताडून बघायचं. चार दिवसांनी तेच शब्द पुन्हा, पण जागा बदलून. कधी बाई त्यांना बसथांब्यावर नेत आणि पाट्या वाचायला लावत. ठमाबाईने पहिल्यांदा बसवरचं 'ओझर' हे गावाचं नाव वाचलं तेव्हा बस निघून गेली तरी ती तिथेच उभी होती, असं बायका सांगत.

काम फार सावकाश चाललं. "आधी सगळं येत होतं, आता कायच येत नाय," म्हणून बायका रडकुंडीला येत. पोत्याखाली मलाही लाज वाटे.

मार्चमध्ये साहेब पुन्हा आले. अठरा धडे व्हायला हवे होते, आमचे झाले होते सात. पूर्वीचा तो सूरही आता नव्हता. कपाळाला आठ्या घालून ते वहीत लिहू लागले. ठमाबाई त्यांच्यासमोर उभी होती. तिचे ओठ हलत होते.

"साहेब, बंद नका लिवू."

साहेबांचं पेन थांबलं. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमीच लिवलंय. हितून उलटं दिसतंय. 'वर्ग बंद करावा.'"

बाईंनी तोंडावर हात ठेवला. साहेबांनी वहीकडे पाहिलं, ठमाबाईकडे पाहिलं. मग आणखी एक ओळ लिहिली आणि वही न फिरवता तशीच पुढे सरकवली. ठमाबाईने बोट ठेवलं. एकेक अक्षर लावत, मध्येच चुकत, मागे जात तिने वाचलं, "वर्ग... सावकाश चालतो. चालू... ठेवावा."

साहेबांनी पहिली ओळ खोडली.

वर्ग आणखी दोन वर्षं चालला. पुढे नवा हिरवा फळा आला आणि माझी रवानगी मागच्या पाण्याच्या टाकीवर झाली. आता मी झाकण आहे. उन्हाने तडकलो आहे.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझा एखादा भाऊ असेल. त्याला रोज पुसा. पुसल्यावर डोळे मिटा आणि त्याच्यावर काय लिहिलं होतं ते स्वतःला विचारा. आठवलं नाही तर वहीत पुन्हा बघा आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारा. नुसतं त्याच्याकडे बघत घोकत बसाल, तर तो तुम्हाला फसवील. मी एकदा फसवलं आहे, आणि त्यात एक पोर जाता जाता राहिली.